महान मुष्टियोद्धा कोणास म्हणावे?



'महान' हा शब्द आपण फार सढळ हाताने खर्च करतो. क्रीडाक्षेत्रात तर त्याला धरबंध उरलेला नाही. एखाद्याने चार लढती लागोपाठ जिंकल्या की तो महान ठरतो आणि पाचवीत पडला की विस्मृतीत जातो. इतर खेळांत ही शब्दांची उधळपट्टी म्हणून सोडून देता येईल. मुष्टियुद्धाचे तसे नाही. या खेळात माणूस आपले मस्तक खरोखरच पणाला लावतो. जग ज्या कर्तृत्वाला मोठे म्हणते तेच मिळवण्यासाठी तरुण मुष्टियोद्धा धडपडतो; म्हणून आपला मापदंड कोणता, यावर तो कोणते धोके पत्करील आणि कोणते टाळील, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. आजच्या मुष्टियोद्ध्याने काय साधले म्हणजे त्याला सार्वकालिक श्रेष्ठांच्या पंक्तीत बसवावे, या प्रश्नाचा विचार आपण आज करू.

आपल्या देशात मुष्टियुद्धाची ओळख मुख्यत्वे ऑलिंपिक सामन्यांतून झाली. २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंग याने, २०१२ साली लंडनला मेरी कोम हिने आणि २०२१ साली टोकियोला लव्हलिना बोरगोहेन हिने कांस्यपदक मिळवले, हे आपणास ठाऊक आहेच. ऑलिंपिकमधील लढत तीन-चार लहान फेऱ्यांची असते आणि प्रतिस्पर्धी कोण हे चिठ्ठीने ठरते. व्यावसायिक मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी. तेथे पुरुषांच्या जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एका मिनिटाची विश्रांती. कोणी चीत झाला नाही तर तीन परीक्षक गुण मोजून निकाल देतात. परंतु सर्वांत मोठा फरक याहून वेगळा आहे. व्यावसायिक लढतीत कोणी कोणाशी आणि केव्हा लढावे, हे बहुतांशी मुष्टियोद्धे, त्यांचे व्यवस्थापक आणि लढती भरवणारे प्रवर्तक आपसांत ठरवतात. प्रतिस्पर्धी निवडता येतो, तसाच तो टाळताही येतो. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

पूर्वी 'जगज्जेता' एवढे म्हटले की बहुधा काम भागत असे. मान्यता पावलेले प्रमुख वजनगट आठ होते आणि सामान्यतः एका गटात एकच माणूस जगज्जेता मानला जाई. आज प्रमुख वजनगट सतरा आहेत. जगज्जेतेपद देणाऱ्या मोठ्या संस्था चार आहेत. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन ही त्यांतील सर्वांत जुनी. १९२१ साली दुसऱ्या नावाने निघालेल्या या संस्थेने १९६२ साली आजचे नाव घेतले. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल १९६३ साली, इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन १९८३ साली आणि वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन १९८८ साली अस्तित्वात आली. सतराला चाराने गुणले की अडुसष्ट होतात. याचा अर्थ असा की एकाच दिवशी अडुसष्ट पुरुषांना आपल्या कमरेला जगज्जेतेपदाचा पट्टा बांधण्याची सोय झाली आहे. ज्या पदवीचे इतके वाटेकरी आहेत, ती पदवी महानतेचा पुरावा कशी व्हावी? पट्टा हा आज प्रवासाचा आरंभ आहे. त्याने मुष्टियोद्ध्याचे नाव नोंदले जाते. त्याची थोरवी सिद्ध होत नाही.

मग जुन्यांना आपण महान का म्हणतो? शुगर रे रॉबिन्सन या अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे उदाहरण घ्या. मुष्टियुद्धाचे बहुतेक जाणकार त्याला पहिल्या क्रमांकावर किंवा त्याच्या अगदी जवळ ठेवतात. १९४० साली तो व्यवसायात उतरला आणि पहिल्या चाळीस लढतींत त्याला कोणी हरवले नाही. ५ फेब्रुवारी १९४३ या दिवशी डेट्रॉइट शहरात जेक लामोटा या त्याच्याहून बऱ्याच जड प्रतिस्पर्ध्याने त्याचा पहिला पराभव केला. आजचा एखादा मुष्टियोद्धा अशा पराभवानंतर वर्षभर दिसला नसता. रॉबिन्सनने १९ फेब्रुवारीला दुसऱ्याच एका प्रतिस्पर्ध्याशी लढत दिली आणि २६ फेब्रुवारीला त्याच डेट्रॉइटमध्ये पुन्हा लामोटासमोर उभे राहून त्याला हरवले. म्हणजे तीन आठवड्यांत तीन लढती! हे दोघे एकूण सहा वेळा झुंजले आणि त्यांतील पाच लढती रॉबिन्सनने जिंकल्या. १९४६ साली तो वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. पुढे मिडलवेट गटाचे जगज्जेतेपद त्याने पाच वेळा मिळवले. त्या १९४३ च्या पहिल्या पराभवानंतर तो थेट १९५१ च्या जुलैपर्यंत हरला नाही. तेव्हा लंडनमध्ये रँडी टर्पिनने त्याला हरवले. चौसष्ट दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये दोघे पुन्हा भेटले. दहाव्या फेरीत रॉबिन्सनच्या डोळ्यावर मोठी जखम झाली, रक्त वाहू लागले. लढत कोणत्याही क्षणी थांबवली जाईल हे ओळखून त्याने त्याच फेरीत टर्पिनवर असा हल्ला चढवला की पंचांना टर्पिनच्याच बचावासाठी मध्ये पडावे लागले. पंचवीस वर्षांत रॉबिन्सन सुमारे दोनशे लढती लढला आणि १७० हून अधिक जिंकला.

त्याच्या आधीचा हेन्री आर्मस्ट्राँगही असाच. १९३७ चा ऑक्टोबर ते १९३८ चा ऑगस्ट या सुमारे दहा महिन्यांत त्याने फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट अशा तीन गटांची जगज्जेतेपदे जिंकली आणि तिन्ही एकाच वेळी स्वतःजवळ राखली. ज्या काळी सारे प्रमुख गटच आठ होते, त्या काळची ही गोष्ट आहे.

आजच्या मुष्टियोद्ध्याकडून दोनशे लढतींची अपेक्षा करणे न्याय्य नाही. त्या काळी शहरोशहरी मुष्टियुद्धाचे खेळ रंगत आणि लढवय्या वरचेवर लढला तरच त्याचे पोट भरे. आज दूरचित्रवाणीवरील एका मोठ्या लढतीचे मानधन पिढ्यांना पुरते. शिवाय दोन लढतींमध्ये विश्रांती हवी, हे वैद्यकशास्त्राने शिकवले आहे, आणि ते चांगलेच झाले. अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड २००८ ते २०२५ या काळात ४२ लढती लढला. युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक २०१३ ते २०२५ या काळात २४ लढती लढला. ज्याला दोनशे संधी होत्या त्याची एखादी लढत सामान्य ठरली तरी चालत असे. ज्याला वर्षाकाठी एकदा किंवा दोनदाच रिंगणात उतरायचे आहे, त्याची प्रत्येक निवड तोलून पाहणे प्राप्त आहे. म्हणून आजच्या मुष्टियोद्ध्यासाठी मला चार कसोट्या योग्य वाटतात.

पहिली कसोटी अशी की तो कोणाशी लढला आणि केव्हा लढला. आपल्याकडे पैलवानाची चौकशी करताना जाणता माणूस 'किती कुस्त्या मारल्या' असे विचारत नाही, 'कोणाची मारली' असे विचारतो. मुष्टियुद्धात मात्र अलीकडे एका शून्याचे भलतेच स्तोम माजले आहे. पराभवांच्या रकान्यातील ते शून्य! फ्लॉइड मेवेदरने २०१७ साली आपला पन्नासावा विजय मिळवला आणि पन्नास विजय, शून्य पराभव अशी नोंद केली. हेवीवेट गटातील रॉकी मार्सियानो १९५६ साली ४९ विजयांनिशी अपराजित निवृत्त झाला होता, त्याच्याही पुढे तो गेला. परंतु हा पन्नासावा प्रतिस्पर्धी कोण होता? कॉनर मॅकग्रेगर. तो दुसऱ्या प्रकारच्या द्वंद्वातला नामांकित वीर खरा, पण व्यावसायिक मुष्टियुद्धाची एकही लढत तो त्यापूर्वी लढलेला नव्हता. आम्हा शिक्षकांना हा प्रकार परिचित आहे. सोपे प्रश्न निवडून पैकीच्या पैकी गुण मिळवता येतात. त्यावरून विषय किती आला ते समजत नाही.

येथे मेवेदरवर अन्याय होऊ नये. पाच वजनगटांत तो जगज्जेता झाला आणि ठोसा चुकवण्याच्या कलेत त्याच्या तोडीचे लोक इतिहासात थोडेच निघतील. त्याच्याविषयीची खंत वेगळी आहे. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ आणि तो या दोघांच्या लढतीची बोलणी २००९ पासून चालू होती. ती लढत २ मे २०१५ रोजी झाली. तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा आणि पॅकियाओ ३६ वर्षांचा होता. मेवेदर निर्विवाद जिंकला. पण ऐन भराच्या वर्षांत दोघे भिडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कायमचा मागे राहिला. दोष एकट्याचा नसेल. तरीही महानतेचा दावा करणाऱ्याने असा प्रश्न मागे ठेवता कामा नये. सर्वांत धोकादायक प्रतिस्पर्धी सर्वांत धोकादायक असताना गाठला पाहिजे.

दुसरी कसोटी आधिपत्याची. एका वजनगटात तरी चारही पट्टे एकत्र करून त्याने निर्विवाद सत्ता स्थापली पाहिजे, आणि शक्य तर ती सीमा ओलांडून जडांच्या मुलुखात गेले पाहिजे. वजनाचे महत्त्व प्रेक्षकांना नेहमी उमगत नाही. ठोशामागे सगळ्या अंगाचा भार असतो. दोघांचे कौशल्य सारखे असेल तर दहा पौंडांचा फरकही हाडांपर्यंत जाणवतो. म्हणूनच गट पाडले आहेत. उसिक हा २०१२ चा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता. २०१८ साली तो क्रूझरवेट गटाचा निर्विवाद जगज्जेता झाला. पुढे तो हेवीवेट गटात गेला, जेथे वजनाला वरची मर्यादाच नसते. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे त्याने टायसन फ्यूरीला हरवले. फ्यूरी त्याच्याहून सुमारे सहा इंचांनी उंच. मधल्या फेऱ्यांत फ्यूरीच्या ठोशांनी उसिक डळमळला होता. नवव्या फेरीत त्यानेच फ्यूरीला दोरांवर असा खिळवला की पंचांना अंक मोजावे लागले. लेनक्स लुईसने १९९९ साली हेवीवेट गट एकछत्री केला होता, त्यानंतर तसे करणारा उसिक हा पहिलाच, आणि चार पट्ट्यांच्या काळात तर सर्वप्रथम. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने फ्यूरीला पुन्हा हरवून आधीचा निकाल पक्का केला.

क्रॉफर्डची वाट याहून लांब. २०१४ साली १३५ पौंडांच्या गटात तो जगज्जेता झाला. २०१७ साली १४० पौंडांच्या आणि २०२३ साली १४७ पौंडांच्या गटात त्याने सारे पट्टे एकत्र केले. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने १६८ पौंडांच्या गटात मेक्सिकोच्या अल्वारेझला गुणांवर हरवले आणि तेथेही निर्विवाद जगज्जेता झाला. चार पट्ट्यांच्या काळात तीन गटांत असे करणारा हा पहिला पुरुष. स्त्रियांमध्ये अमेरिकेच्या क्लॅरेसा शील्ड्सने हा पराक्रम त्याच्या आधीच केला होता. पॅकियाओने तर १९९८ साली ११२ पौंडांच्या गटापासून आरंभ करून २०१० पर्यंत आठ वजनगटांत जगज्जेतेपदे मिळवली. मात्र गटांची संख्या मोजतानाही डोळे उघडे ठेवावेत. दुबळा पट्टेधारक पाहून गट बदलणे आणि बलाढ्य पाहून बदलणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

तिसरी कसोटी संकटाची. ज्याच्यावर कधी वेळच आली नाही, त्याचे अंतरंग आपणास समजत नाही. लेनक्स लुईस दोनदा हरला, १९९४ साली ऑलिव्हर मॅककॉलकडून आणि २००१ च्या एप्रिलमध्ये हसीम रहमानकडून. दोन्ही वेळा तो चीत झाला. मॅककॉलला त्याने १९९७ साली हरवले आणि रहमानला २००१ च्याच नोव्हेंबरात. ज्या दोघांनी त्याला हरवले त्या दोघांनाही त्याने नमवले. मग त्या दोन पराभवांनी त्याची थोरवी कमी झाली असे कोण म्हणेल? जपानचा नाओया इनोउए २०२२ व २०२३ या लागोपाठच्या वर्षी दोन गटांचा निर्विवाद जगज्जेता झाला. पण मे २०२४ मध्ये टोकियोत लुईस नेरीने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले. कारकिर्दीत असे प्रथमच घडले होते. तो उठला, डोके शांत ठेवून लढला आणि सहाव्या फेरीत त्याने नेरीला चीत केले. मागील साऱ्या विजयांनी जे सांगितले नव्हते ते त्या एका रात्रीने सांगितले.

मुहम्मद अली याचे नावही याच संदर्भात घ्यावे लागते. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे १९६७ साली त्याचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले आणि भरज्वानीची तीन वर्षांहून अधिक मुदत तो रिंगणाबाहेर राहिला. परतल्यावर १९७१ साली जो फ्रेझरने त्याला हरवले. १९७४ साली किन्शासा येथे त्याने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत चीत केले, तेव्हा फोरमन त्या पिढीतला सर्वांत भयंकर ठोशांचा मुष्टियोद्धा मानला जात होता. अलीच्या नावावर पाच पराभव आहेत. ते वजा करूनही त्याची बाकी मोठीच उरते.

चौथी कसोटी काळाची, आणि हिच्याविषयी बोलताना मन जड होते. महान म्हणवून घेणाऱ्याने एखादा हंगाम गाजवून भागत नाही. एका पिढीचे आव्हान परतवून पुढच्या पिढीसमोरही त्याने टिकले पाहिजे. जो लुईस १९३७ ते १९४९ जगज्जेता होता आणि त्याने ते पद पंचवीस वेळा राखले. पण टिकणे म्हणजे थांबण्याचे भान सोडणे नव्हे. अलीने १९८० साली लॅरी होम्सशी आणि १९८१ साली ट्रेव्हर बर्बिकशी ज्या लढती दिल्या, त्या त्याने द्यायला नको होत्या. १९८४ साली त्याला पार्किन्सन रोग असल्याचे निदान झाले. रॉबिन्सनही चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत लढत राहिला आणि अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने ग्रासला गेला. १९८२ च्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा तरुण लास वेगासला चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या त्या या घटनेनंतर. फेऱ्या कमी झाल्या म्हणून धोका संपला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोतील एकाच कार्यक्रमात लढलेले दोन मुष्टियोद्धे मेंदूला झालेल्या इजेने मरण पावले. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे होते.

या मृत्यूंचा महानतेच्या चर्चेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. प्रेक्षकांनी शून्याची पूजा केली तर मुष्टियोद्धा बलवान प्रतिस्पर्धी टाळील आणि खेळ निर्जीव होईल. प्रेक्षकांनी रक्ताची आणि हट्टाची पूजा केली तर तो थांबायला हवे तेव्हा थांबणार नाही आणि माणूस निर्जीव होईल. म्हणून मापदंडात थांबण्याच्या शहाणपणालाही गुण दिले पाहिजेत. लेनक्स लुईस २००३ साली आपली शेवटची लढत जिंकला आणि २००४ साली जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. क्रॉफर्डनेही अल्वारेझवरील विजयानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, अपराजित असताना निवृत्ती जाहीर केली. पुढच्या लढतीचे मोठे मानधन समोर दिसत असताना असे पाऊल उचलणे ही सामान्य गोष्ट नाही. शरीर हे माणसाला सांभाळण्यासाठी दिलेली ठेव आहे. टाळ्यांसाठी ती उधळून टाकावी असे कोणी सांगितलेले नाही.

तात्पर्य, आजच्या मुष्टियोद्ध्याने आपल्या काळातील सर्वोत्तमांना त्यांच्या भरात गाठावे; एका गटात तरी वाद उरणार नाही अशी सत्ता गाजवावी आणि जमल्यास पुढच्या गटात पाऊल टाकावे; खाली पडल्यावर किंवा हरल्यावर परतून हिशेब चुकता करावा; आणि दीर्घ काळ टिकून, शुद्ध व स्मृती शाबूत असताना, हातमोजे उतरवावेत. या कसोट्यांवर उसिक आणि क्रॉफर्ड यांना जुन्या थोरांच्या पंक्तीत जागा द्यावी असे माझे मत आहे, आणि इनोउए त्या पंक्तीच्या दाराशी उभा आहे. दोनशे लढतींचा रॉबिन्सन पुन्हा होणार नाही. पण त्या चौसष्ट दिवसांनी टर्पिनसमोर जो माणूस पुन्हा उभा राहिला, तो आजही कोणाला होता येईल. आपल्या गावातला एखादा मुलगा उद्या हातात मोजे चढवून 'मोठा मुष्टियोद्धा होण्यासाठी काय करू?' असे विचारील, तेव्हा त्याला पट्ट्यांचा आणि शून्याचा आकडा सांगू नये. कोणासमोर उभे राहायचे आणि केव्हा थांबायचे, या दोन गोष्टी त्याला आधी सांगाव्यात.